वयाची पाटी, गावाची फाळणी

इंग्रजी किशोर-कादंबरीचा इतिहास सांगताना एक कथा हमखास सांगितली जाते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहरात, शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी कादंबरी लिहायला घेतली. १९६७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने ती छापली. कादंबरीचे नाव ‘द आउटसायडर्स’, लेखिकेचे नाव एस. ई. हिंटन, आणि या एका पुस्तकातून ‘यंग अ‍ॅडल्ट’ नावाचा साहित्यप्रकार जन्माला आला. कथेतले तपशील खरे आहेत, शेवटचे विधान मात्र तपासून घ्यावे असे आहे. साहित्यप्रकार एका पुस्तकाच्या पोटातून येत नाही ही झाली साधी गोष्ट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पुस्तक मुळात वयाविषयी आहे असे मला वाटत नाही. ते एका गावाच्या फाळणीविषयी आहे. कोण कुठल्या वस्तीत राहतो, कोण पायी घरी जातो आणि कोण गाडीतून, पोलिसाचा आणि न्यायाधीशाचा हात आधी कोणाच्या मानगुटीवर पडतो, हा त्याचा विषय. वयाची पाटी त्यावर नंतर लागली. ती लावली ग्रंथपालांनी, शिक्षकांनी आणि त्यांच्या मागोमाग प्रकाशकांनी. त्या पाटीमुळे पुस्तक तगले आणि त्याच पाटीखाली त्याचा विषय बराचसा झाकला गेला.

टल्सापासून सुरुवात करू. हे तेलाने उभे केलेले शहर. १९०१ मध्ये रेड फोर्कला आणि १९०५ मध्ये जवळच्या ग्लेन पूलला तेल लागले, आणि आर्कान्सॉ नदीकाठचे एक लहानसे रेल्वेचे गाव पाहता पाहता स्वतःला ‘जगाची तेल-राजधानी’ म्हणवू लागले. तेलाच्या पैशाची एक खोड असते: तो झटकन येतो, थोड्यांच्या हाती येतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येतो. मालकांनी शहराच्या मध्यभागी आर्ट डेको शैलीतले मनोरे बांधले, दक्षिणेकडे बंगले आणि बागा उठवल्या. शुद्धीकरणाचे कारखाने नदीपलीकडे पश्चिमेला गेले, त्यांच्या आजूबाजूला कामगारांची घरे झाली. रुळांच्या उत्तरेला वेगळेच जग होते. त्याकडे पुढे यावेच लागेल. पूर्वेकडे अकराव्या रस्त्याजवळ, म्हणजे शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या ‘रूट ६६’ या प्रसिद्ध महामार्गापासून थोड्याच अंतरावर, १९३९ मध्ये विल रॉजर्स हायस्कूल उघडले. मंदीच्या काळात सरकारी बांधकाम-योजनेच्या पैशातून झालेली ही देखणी इमारत. हिंटन इथे शिकली. अमेरिकेतली सार्वजनिक हायस्कुले म्हणजे अशी जागा, जिथे दुकानदाराचा, कारकुनाचा, मेकॅनिकचा आणि तेल-कंपनीतल्या साहेबाचा मुलगा एकाच छताखाली येतो आणि साडेतीनला घंटा झाली की आपापल्या दिशेने पांगतो. दिवसभर शेजारी बसल्यामुळे कोणाचा शर्ट कुठल्या दुकानातला हे सगळ्यांना ठाऊक असते. वर्गभेद पुस्तकातून शिकावा लागत नाही.

कादंबरीत दोन टोळ्या आहेत. पश्चिमेकडच्या श्रीमंतांची पोरे ‘सोश’, पूर्वेकडची तेलकट लांब केसांची पोरे ‘ग्रीसर’. शहराचे नाव कुठेच येत नाही. पण टल्साच्या नकाशाशी ताडून पाहिले तर एक गंमत दिसते. पूर्व बाजू जुळते, शाळा तिथेच आहे. पश्चिमेला मात्र बंगले नाहीत, कारखान्यांची धुराडी आहेत. लेखिकेने रेघ खरी ठेवली आणि दिशा मोकळेपणाने बदलली. म्हणजे आपल्या गल्लीची हुबेहूब नोंद करण्याची हौस तिला नव्हती. शहर दुभंगलेले असते आणि त्या भेगेच्या कुठल्या बाजूला आपण जन्मलो यावर पुढचे बरेचसे ठरते, एवढे तिला सांगायचे होते आणि त्यासाठी ढोबळ नकाशा पुरेसा होता.

सूझन एलॉइज हिंटनचा जन्म १९४८ चा. वडील दारोदार फिरून माल विकणारे, आई कारखान्यात कामाला. ती ना सोशांत मोडत होती ना ग्रीसरांत; मित्र मात्र ग्रीसरांत होते. त्यांतल्या एकाला सिनेमाहून पायी घरी येताना श्रीमंतांच्या पोरांनी बडवले, आणि त्या संतापातून लिहायला सुरुवात झाली, असे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. त्याच सुमारास वडिलांना मेंदूची गाठ झाली. ती शाळेत असतानाच ते गेले. कादंबरीतल्या तिन्ही कर्टिस भावांचे आईबाप मोटार-अपघातात गेलेले आहेत, आणि तिच्या पुढच्या पुस्तकांतही आईबाप मेलेले, पळालेले, दारूत बुडालेले किंवा कामासाठी दूर गेलेले असेच भेटतात. यातून तिच्या मनाचा ठाव घेण्याचा मोह समीक्षकांना होतो. तो मी आवरता घेतो. एवढेच म्हणतो की घरातला कमावता माणूस आडवा झाला की घराचे काय होते, हे ती दुरून पाहत नव्हती. ज्या वर्षी कादंबरी लिहून होत होती त्याच वर्षी सर्जनशील लेखनाच्या तासाला तिला ‘डी’ श्रेणी मिळाली. हा किस्सा इतका गोड आहे की तो सांगितल्याशिवाय तिच्यावरचा एकही लेख पुरा होत नाही. हाही झाला नाही. हस्तलिखित एका मैत्रिणीच्या लेखिका आईने वाचले, तिच्याकडून ते न्यूयॉर्कमधल्या एजंटकडे पोचले, आणि व्हायकिंगचा करार शाळेच्या पदवीदान-समारंभाच्या दिवशी हाती आला. मुलग्यांच्या मारामाऱ्यांवरचे पुस्तक मुलीच्या नावाने आले तर पुरुष परीक्षक ते उघडण्याआधीच नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकाने नुसती आद्याक्षरे टाकायला सुचवले. ती तिला सोयीची वाटली आणि कायमची चिकटली.

आता पुस्तकात शिरू. चौदा वर्षांचा पोनीबॉय कर्टिस सिनेमा पाहून एकटा पायी घरी निघतो आणि लाल कॉर्व्हेअर गाडीतून आलेले सोश त्याला घेरतात. कादंबरीची सुरुवातच अशी पायी चालणारा विरुद्ध गाडीवाला अशी आहे, आणि ती पुढेही तशीच चालते. पार्कात ज्या निळ्या मस्टँगमधून हल्लेखोर उतरतात ती फोर्ड कंपनीने १९६४ च्या एप्रिलमध्ये बाजारात आणलेली गाडी, म्हणजे लेखिका लिहीत होती तेव्हाची अगदी नवी, तरुणांसाठीच म्हणून जाहिरात केलेली. ग्रीसरांकडे गाडी नाही. त्यांच्याकडे केस आहेत. तेल लावून मागे फिरवलेले, मानेवर रुळणारे केस ही त्यांची एकमेव मिळकत. तिथल्या झटापटीत पोनीबॉयचा मित्र जॉनी याच्या हातून सोशांचा बॉब मारला जातो. पोनीबॉय आणि जॉनी मालगाडीत चढून पळतात आणि विंड्रिक्सव्हिलच्या पडक्या चर्चमध्ये लपतात. तिथे जॉनी चाकूने पोनीबॉयचे केस कापतो आणि पेरॉक्साइडने त्यांचा रंग उडवतो. पोलिसांना वर्णन जुळू नये हे व्यावहारिक कारण. पण पोनीबॉय ज्या रीतीने हळहळतो त्यावरून कळते की त्याच्या जवळची एकुलती एक मत्ता जप्त झाली आहे. भाषणबाजी न करता दारिद्र्य दाखवायची ही रीत पंधरा-सोळा वर्षांच्या लेखिकेला साधली, हे मला ‘डी’ श्रेणीच्या किश्श्यापेक्षा जास्त नवलाचे वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो पुस्तकातूनच येतो. सोशांची मैत्रीण चेरी आणि पोनीबॉय ओपन-एअर सिनेमाच्या मैदानावर बोलतात. दुःख दोन्हीकडे आहे, आमच्याकडे फक्त ते थंड पडलेले आहे, अशा अर्थाचे चेरी सांगते. दोघेही आपापल्या घरून एकच सूर्यास्त पाहतात यावर त्यांचे एकमत होते. मग ही वर्गाची कादंबरी कशी? इथे तर वर्ग भावनेत विरघळतो आणि उरते ते सगळ्या तरुणांचे सारखेच एकटेपण. शाळांमध्ये हे पुस्तक बहुतेक असेच शिकवले जाते. पण संवादांवरून नजर काढून कथानकाचा हिशेब मांडला तर निकाल वेगळा येतो. मरतात तिघे. त्यांतला बॉब सोश आहे, हे मान्य. पण जॉनी, ज्याच्या घरी मार आणि शिव्यांपलीकडे काही नाही, जळत्या चर्चमधून लहान मुलांना बाहेर काढताना पाठ मोडून आणि भाजून मरतो. त्यांच्याच टोळीतला डॅली रिकामे पिस्तूल पोलिसांवर रोखून त्यांच्या गोळ्या अंगावर घेतो. पोनीबॉयचा थोरला भाऊ, वीस वर्षांचा डॅरी, कॉलेजचा विचार सोडून छपरे शाकारायला गेला आहे. मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल-पंपावर आहे. आणि सगळ्या पुस्तकावर जी टांगती तलवार आहे ती कुठल्याही सोशाच्या डोक्यावर नाही: न्यायाधीश एका सहीने तिन्ही भावांची ताटातूट करून धाकट्यांना सरकारी वसतिगृहात पाठवू शकतो. सूर्यास्त एकच असेल. तो पाहून झाल्यावर घरी जायला घर राहील की नाही हा प्रश्न एकाच बाजूला आहे. लेखिकेची सहानुभूती दोन्हीकडे वाटली गेली आहे, जोखीम मात्र वाटली गेलेली नाही. हा फरक तिने मुद्दाम ठेवला की आपोआप राहिला हे विचारण्याची गरज नाही. तो आहे.

मग ही पाटी कुठून आली? त्यासाठी टल्सा सोडून बॉल्टिमोरला जावे लागते आणि तीसेक वर्षे मागे. तिथल्या इनॉक प्रॅट सार्वजनिक ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स ही बाई १९३२ मध्ये कामाला लागली. बालविभागात मावत नाहीत आणि मोठ्यांच्या विभागात ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा तेरा ते एकोणीस वयाच्या वाचकांना तिने आपले काम मानले. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक तरुण ग्रंथपालाला ती तीनशे पुस्तकांची यादी वाचायला लावी आणि तोंडी परीक्षा घेई. कारण पुस्तक न वाचता ते पोराच्या हातात ठेवणे तिला फसवणूक वाटे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची चणचण असताना तिने घोडागाडीत पुस्तके भरून गरीब वस्त्यांतून फिरवली. हा प्रकार ‘साहित्यप्रकार’ नव्हता, एक सेवा होती. तिच्या कपाटातली बहुतेक पुस्तके मोठ्यांसाठीच लिहिलेली होती. अशाच विचारांच्या ग्रंथपालांचा अमेरिकन ग्रंथालय संघटनेत १९५७ मध्ये स्वतंत्र विभाग झाला आणि त्याच्या नावात ‘यंग अ‍ॅडल्ट’ हे शब्द आले. म्हणजे कपाट आधी तयार झाले, त्यात ठेवायची नवी पुस्तके नंतर आली. १९६५ च्या शिक्षण-कायद्याने शालेय ग्रंथालयांच्या खरेदीसाठी केंद्राचे दहा कोटी डॉलर मोकळे केले. पुढच्याच वर्षी डॅनियल फेडर या मिशिगन विद्यापीठाच्या प्राध्यापकाचे ‘हुक्ड ऑन बुक्स’ आले. मिशिगनमधल्या एका सुधारगृहातल्या मुलांपुढे जाड पुठ्ठ्याच्या क्रमिक पुस्तकांऐवजी तारेच्या स्टँडवर स्वस्त पेपरबॅक ठेवली तर ती खरोखर वाचली जातात, हे त्यात दाखवले होते. पैसा आला, स्टँड आले, वाचकही होता. कमी होती ती त्या वाचकाच्या जगातल्या कादंबऱ्यांची.

‘द आउटसायडर्स’ या पोकळीत पडले, पण सरळ पडले नाही. सुरुवातीला त्याची पेपरबॅक आवृत्ती औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवर बाकीच्या सवंग कादंबऱ्यांच्या रांगेत उभी होती आणि तिथे ती मरायला टेकली होती, असे हिंटनने सांगितले आहे. मग प्रकाशकाच्या लक्षात आले की एका ठिकाणाहून मागणी सतत येते आहे: शिक्षक ती वर्गासाठी मागवत आहेत. तेव्हा कुठे तिला नवे कपडे चढले. या एका व्यापारी तपशिलाने ‘एका मुलीने नवा साहित्यप्रकार निर्माण केला’ ही कथा उलटी होते. मुलीने पुस्तक लिहिले. साहित्यप्रकार निर्माण केला तो खरेदीच्या फॉर्मवर सही करणाऱ्या मास्तरांनी. आणि मास्तरांना ते आवडावे असे काहीतरी पुस्तकातच होते. अखेरीस कळते की आपण वाचली ती सगळी हकिगत पोनीबॉयने इंग्रजीच्या तासाला नापास होऊ नये म्हणून लिहिलेला निबंध आहे. निबंध लिहायला लावून विद्यार्थ्याला वाचवणारा इंग्रजीचा शिक्षक ज्या कादंबरीच्या शेवटच्या पानांत उभा आहे, ती इंग्रजीच्या शिक्षकांनी डोक्यावर घेतली यात आश्चर्य नाही.

यावर कोणी म्हणेल की वयाचा मुद्दा इतरांनी चिकटवला हे म्हणणे लेखिकेवर अन्याय करणारे आहे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक-पुरवणीत तिने स्वतः लेख लिहिला तो किशोरवयीनांच्या बाजूने. त्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांत नाचाच्या समारंभाला कोण कोणाबरोबर जाणार याखेरीज काही घडत नाही, खरी पोरे या पुस्तकांत कुठेच नाहीत, हा तिचा सूर. आक्षेप बिनतोड दिसतो खरा. पण ती तक्रार नीट पाहिली तर काय सांगते? मोरीन डेलीची ‘सेव्हन्टीन्थ समर’ १९४२ मध्ये आली होती, तीही कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने लिहिलेली आणि पहिल्या प्रेमाचे नाजूक चित्रण म्हणून आजही वाचावी अशी. तिच्या मागून निघालेल्या नकलांत तरुण होतेच, भरपूर होते. नव्हते ते त्यांच्या घराचे भाडे, बापाची नोकरी आणि गल्लीतली दहशत. हिंटनने वय मागितले नाही. ते पुस्तकांत आधीपासून होते. तिने परिसर मागितला. आणि त्याच वर्षी, तिच्याशी काहीही संबंध नसताना, रॉबर्ट लिप्साइट या क्रीडा-पत्रकाराने ‘द कंटेंडर’मध्ये हार्लेममधल्या शाळा सोडलेल्या काळ्या मुलाला मुष्टियुद्धाच्या तालमीत नेले. पुढच्या वर्षी पॉल झिंडेलची ‘द पिगमन’ आली. एकाच हंगामात तीन जणांना तेच सुचावे, तेव्हा कारण एका मुलीच्या अलौकिक बुद्धीत शोधण्यापेक्षा हंगामात शोधलेले बरे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याचे मी पुरते खंडन करणार नाही. शहराची फाळणी हा या कादंबरीचा विषय असेल तर टल्साची सर्वांत मोठी फाळणी तिच्यात कुठे आहे? ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने रुळांपलीकडचा ग्रीनवुड हा भरभराटीचा काळा भाग जाळला. पस्तीसएक चौक बेचिराख झाले. मृतांचे आकडे अधिकृत नोंदीतल्या छत्तीसपासून इतिहासकारांच्या अंदाजातल्या तीनशेपर्यंत जातात. हिंटनचे ग्रीसर गोरे, सोशही गोरे. काळा माणूस कादंबरीत जवळजवळ नाहीच. बचाव एवढाच करता येतो की टल्साने हे प्रकरण स्वतःपासूनच लपवले होते. शाळेच्या पुस्तकांत ते नव्हते, वर्तमानपत्रे गप्प होती, आणि राज्याने चौकशी-आयोग नेमला तो १९९७ मध्ये. शहराने पुरून टाकलेली गोष्ट सोळा वर्षांच्या मुलीने उकरावी ही अपेक्षा जास्तीची आहे. पण याचा अर्थ असाही होतो की तिला जी भेग दिसली ती शहराने पाहू दिलेली होती. गरीब गोरा आणि श्रीमंत गोरा यांच्या मारामारीवर टल्सात उघड बोलता येत होते. या मर्यादेने माझा मुद्दा मोडत नाही, मात्र त्याची लांबी ठरते: कादंबरी गावाच्या फाळणीविषयी आहे, पण गावाच्या सगळ्या फाळण्यांविषयी नाही.

मुलींचा प्रश्न त्यामानाने हलका. स्त्री-लेखक असून गाजलेली पुस्तके मुलांच्या तोंडून का, यावर तिचे उत्तर साधे आहे: वाढत्या वयात ती मुलग्यांतच रमली, त्यांच्या गोष्टी तिला सांगता येतात. हे पटावे. डेल पेक या समीक्षकाने २००७ मध्ये दाखवले की कादंबरीत शर्ली जॅक्सनपासून ‘वेस्ट साइड स्टोरी’पर्यंतचे उसने सूर ऐकू येतात, तेही खरे आहे, आणि पेकने ते दोष म्हणून सांगितले नव्हते. वाचणाऱ्या पोरीने वाचलेले वापरले, एवढेच.

पाटीचा परिणाम तिच्या पुढच्या लेखनावर काय झाला हे जास्त महत्त्वाचे. पहिल्या पुस्तकाच्या यशाने तिची लेखणीच आखडली. टल्सा विद्यापीठात तिच्याबरोबर शिकणारा मित्र डेव्हिड इनहॉफ, जो पुढे तिचा नवरा झाला, त्याने अट घातली की रोज दोन पाने लिहून झाल्याशिवाय फिरायला जायचे नाही. अशी ‘दॅट वॉज देन, धिस इज नाऊ’ १९७१ मध्ये आली. १९७५ ची ‘रंबल फिश’ ही माझ्या मते तिची सर्वांत धाडसी कादंबरी. तिचा निवेदक रस्टी-जेम्स; त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळे मोटरसायकल बॉय म्हणतात, रंगांधळा आहे, बाप एके काळचा वकील, आता सरकारी मदतीच्या पैशावर दारू पिणारा, आई कॅलिफोर्नियात. इथे टोळ्यांचे दिवस सरले आहेत आणि त्यांच्याबद्दलचा गहिवर तेवढा उरला आहे. निबंध लिहायला लावणारा मास्तर नाही, सुटकाही नाही. आणि ‘टेक्स’ (१९७९) मध्ये तर सगळा संघर्ष एका घोड्यावर आहे. बाप रोडिओच्या दौऱ्यावर निघून गेला आहे, पैसे पाठवत नाही, हिवाळा तोंडावर आला आहे, आणि सतरा वर्षांचा मेसन धाकट्या भावाचा जीव की प्राण असलेला घोडा विकून टाकतो, कारण गॅसचे बिल भरायचे आहे आणि घोड्याला चारा घालणे परवडत नाही. या तीनही पुस्तकांना ‘वाढत्या वयाच्या समस्या’ या सदरात टाकले गेले. व्यसन ही समस्या, भावांचे भांडण ही समस्या, बापाचे नसणे ही समस्या. प्रत्येक समस्येला शाळेच्या समुपदेशकाकडे उत्तर असते. मेसनच्या गॅसच्या बिलाला नसते. वर्गाचे दुखणे वयाचे दुखणे म्हणून वाचले की ते आपोआप बरे होणारे ठरते, कारण वय सरते.

असे असले तरी पाटीला शिव्या देऊन चालणार नाही. तिच्याशिवाय हे पुस्तक औषधांच्या दुकानातच संपले असते. आणि ज्या वाचकांसाठी ती लावली त्यांनी पुस्तक आपल्या परीने वाचलेच. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोजवळच्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या जो एलन मिसाकियन यांनी १९८० मध्ये शंभरावर विद्यार्थ्यांच्या सह्यांसह फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र लिहिले की या कादंबरीवर तुम्ही चित्रपट करा. ‘गॉडफादर’च्या दिग्दर्शकाला शाळकरी पोरांचे आर्जव! कपोला यांनी ते ऐकले, टल्सातच चित्रीकरण केले, आणि १९८३ मध्ये ‘द आउटसायडर्स’ व ‘रंबल फिश’ असे दोन चित्रपट आले. पहिल्यात हिंटन परिचारिकेच्या छोट्या भूमिकेत दिसते. १९८८ मध्ये किशोर-साहित्यातल्या एकूण योगदानासाठी नवा पुरस्कार सुरू झाला, जो पुढे मार्गारेट एडवर्ड्सच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची पहिली मानकरी हिंटन. दुसरीकडे, १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकेतल्या शाळा-ग्रंथालयांतून काढून टाका म्हणून ज्या पुस्तकांवर सर्वाधिक तक्रारी झाल्या त्या शंभरांच्या यादीतही तिचे पुस्तक आहे. तक्रारी मारामारी, दारू आणि मोडक्या घरांबद्दल. तक्रारदार पालकांना निदान एवढे कळले होते की पुस्तकात घरे मोडलेली आहेत.

आज पुस्तकाचा एकूण खप दीड कोटी प्रतींच्या घरात आहे, त्यावरच्या संगीतिकेला २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि ब्रॉडवेवर तिचे तिकीट स्वस्त नसते. कपोला यांनी कर्टिस भावांचे घर म्हणून चित्रित केलेले लाकडी घर टल्साच्या क्रचफील्ड वस्तीत, रुळांच्या उत्तरेला आहे. डॅनी बॉय ओकॉनर या रॅप-गायकाने ते २०१६ मध्ये, पडायला आलेल्या अवस्थेत, पंधरा हजार डॉलरच्या आसपास विकत घेतले आणि दुरुस्त करून २०१९ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. जगभर ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटातले घर, तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरात, मध्यम प्रतीच्या नव्या मोटारीच्या निम्म्या किमतीत मिळाले, कारण ते ज्या वस्तीत आहे त्या वस्तीत घरांना तेवढाच भाव येतो.